न रुसलेल्या मामाच्या चार सवयी

एखादी गोष्ट ठरवली की मी ती पाळतोच. आमच्या नळदुर्गात कुणालाही विचारा, शिवशंकर क्लार्क कसा आहे म्हणून. कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं झाली, खिडकी बंद झाल्यावर आलेल्या पोराचा अर्ज मी आजवर घेतलेला नाही. पोरं माघारी मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथं छापण्यासारखं नाही.

अशा माणसाला त्याच्या भाचीनं चार सवयी लावून घ्यायला सांगितल्या. शिवकन्या माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, एकुलती एक मुलगी. ती सातवीत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून घरातला कर्ता पुरुष म्हणायला मीच. आता ती अणदूरच्या आरोग्य उपकेंद्रात नोकरीला आहे. जुलैत मी सहज तिच्याकडं गेलो, तर तिनं माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत मशीनकडं बघितलं. मग एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. साखर बंद. दर अर्ध्या तासानं उठून दोनशे पावलं चालायचं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आणि रोज एकदा तरी कुणाशी मनातलं बोलायचं. खाली सही आणि तारीख, अकरा जुलै.

"बारक्या बारक्या सवयी हायेत मामा," ती म्हणाली, "पण मोडायच्या न्हाईत."

चौथी सवय तिनं कागद मोकळा दिसू नये म्हणून लिहिली असावी असं समजून मी सोडून दिली. मनात काय आहे ते सांगत सुटलो तर ऑफिसात दोन दिवस टिकायचो नाही. पहिल्या तीन मात्र अशा पाळल्या की घरचे टेकीला आले. मोबाईल दर अर्ध्या तासानं थरथरला की मी उठणार, मग समोर कुणी का असेना. जेवताना बायको, गायत्री, माझ्याकडं पाठ करून बसायला लागली, कारण समोर बसलं की तीही मोजायला लागायची आणि तिचं जेवण थंड व्हायचं. पण कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. जिना चढताना दम लागेना. मला सकाळी उठल्या उठल्या बरं वाटायला लागलं, आणि या वयात हे काही थोडं नाही!

सत्तेचाळिसाव्या दिवशी आम्ही शिवकन्येच्या सोयरिकीसाठी भूमला गेलो.

स्थळ आमच्या ओळखीतल्या मध्यस्थानं, शिवप्पानं, आणलं होतं, महिनाही झाला नसेल. मुलगा बालाजी, बँकेत नोकरी, तीही अणदूरलाच. हा निव्वळ योगायोग आहे असं शिवप्पा म्हणाला आणि आम्ही ते मान्य केलं. भूमला बालाजीच्या वडिलांची, लिंबाजीरावांची, खव्याची भट्टी. पोरीनं फोटो बघून मान खाली घातली होती, म्हणजे पसंत होता. आता मी मामा म्हणून घर बघायचं, तोंड गोड करायचं आणि साखरपुड्याची तारीख धरून यायचं, एवढंच काम होतं.

जीपमध्ये शिवप्पा धरून आम्ही चौघं होतो. आक्कानं मला बजावलं. "आरं, तिथं तुझ्या बीपीचं नाव काढू नगंस. मुलीच्या आजोळात आजार हाय म्हणतेल." गायत्रीनंही तेच ऐकवलं, जरा मोठ्या आवाजात. मी कबूल झालो. बीपीचं नाव काढणार नव्हतो, पण सवयीही मोडणार नव्हतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमणार नाहीत हे जीपमधल्या चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

घर छान होतं. अंगण सारवलेलं, मागं भट्टीचा धूर, सगळीकडं आटत्या दुधाचा वास. लिंबाजीराव उंचेपुरे, घाईघाईनं सामोरे आले. त्यांच्या पत्नी गजराबाईंनी ताट आणलं, त्यात ताजे पेढे, वरून बोटाचा ठसा उमटलेले. मी हात जोडले आणि नको म्हणालो. चहा आला, मी नको म्हणालो. दूध आलं, त्यात साखर होती, मी नको म्हणालो. मग पाण्याचा तांब्या तेवढा घेतला.

भूममध्ये खवेवाल्याच्या घरी जाऊन पेढा नाकारणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की गजराबाई ताट घेऊन आत गेल्या आणि आत बरीच कुजबुज झाली.

लिंबाजीराव म्हणाले, लग्न भूमलाच केलं तर बरं, दारात मांडव घालू. नेमका तेव्हा खिशात मोबाईल थरथरला. मी उठलो, चपला घातल्या आणि अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून अंगणापर्यंत दोनशे पावलं चाललो. परत आलो तर लिंबाजीराव उभे. "मामा, लग्न नळदुर्गात करू. आमचा हट्ट न्हाय," एवढं बोलून ते भट्टीवर नजर टाकून येतो म्हणून बाहेर गेले. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

जेवायला खव्याच्या पोळ्या होत्या, ओठांवर विरघळतील अशा. मी भाकरी आहे का विचारलं. गजराबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली. पाव्हण्यानं पोळी बाजूला सारून भाकरी मागणं म्हणजे आमच्याकडं घरच्यांच्या तोंडावर मारल्यासारखंच. भाकरी आली, आणि मी पहिला घास बत्तीस वेळा चावला. दुसराही बत्तीस वेळा. शिवप्पा माझ्या जबड्याकडं बघत होता. सगळ्यांची जेवणं झाली, माझी अजून अर्धी भाकर बाकी होती.

आता मामा रुसणं ही आपल्या लग्नांतली ठरलेली गोष्ट. त्याला टॉवेल-टोपी मिळाली की तो हसतो, न मिळाली तर मांडव अडवून बसतो. मी जेवून उठलो तर माझ्या हातात टॉवेल-टोपी ठेवली गेली. मी म्हणालो, मला काही नको. रुसलेला प्रत्येक मामा हेच म्हणतो, हे बोलून झाल्यावर आठवलं. मग शाल आली. मग बाजारात माणूस पाठवून फेटा मागवला. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. बावीस वर्षं नोकरी केली, तिथं मला कुणी साधा हारही घातला नव्हता.

हे सुख टिकलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी जवळ गेलो. आत गजराबाई म्हणत होत्या की आमचं धुराचं घर मामाला पसंत पडलं न्हाय, पोरगं तर महिनाभर धड जेवलं न्हाय, आता त्याला काय सांगू. शिवप्पानं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की नातं जमणार नसेल तर उजेड आहे तोवर निघालेलं बरं. आणि आक्का हळूच म्हणाली, "आरं, बापाविना वाढलेली पोर हाय माझी. तिचं मन मोडू नगंस."

एक पेढा खाल्ला असता तर सगळं मिटलं असतं. पण आता खाल्ला तर फेट्यासाठी अडून बसला होता म्हणतील, आणि खरं सांगावं तर आजोळ आजारी ठरतंय. तेवढ्यात मोबाईल थरथरला. मी सवयीनं उठलो, आणि कुणाची नजर नको म्हणून या वेळी भट्टीच्या मागं गेलो.

तिथं लिंबाजीराव होते. लाकडाच्या ढिगापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून ढिगापर्यंत चालत होते, ओठ हलवत.

"एकशेबारा," ते म्हणाले, आणि मला बघून जागच्या जागी थांबले.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा चौथी सवय पाळली. म्हणालो, "पाव्हणं, मी रुसलो न्हाय. मला बीपी हाय. साखर सोडलीय, आन् अर्ध्या तासाला चालावं लागतंय."

लिंबाजीराव मटकन लाकडावर बसले. "म्हंजे रुसला न्हाईत?"

"न्हाय."

"आवो, मला शुगर हाय," ते म्हणाले. "तीस वर्सं खवा आटवतोय आन् वर्स होत आलं, पेढा चाखला न्हाय. बायकू म्हणली, पाव्हण्यांम्होरं सांगू नगा, पोराचं मोडंल."

आम्ही दोघं इतके हसलो की विहिरीवरची कबुतरं उडाली. मग त्यांनी खिशातून घडी पडलेला एक कागद काढला. "बालाजीनं आणून दिलाय. ह्याच्यावरच चाललंय माझं."

साखर बंद. दोनशे पावलं. बत्तीस वेळा. रोज एकदा मनातलं बोलायचं. अक्षर मी लगेच ओळखलं, ते अक्षर पहिलीत मीच पाटीवर गिरवून घेतलं होतं. खाली तारीख, चार नोव्हेंबर, मागच्या वर्षीची.

मी माझी चिठ्ठी काढून शेजारी धरली. लिंबाजीरावांनी दोन्ही बघितल्या, मग शिवप्पा बसला होता त्या बाजूला बघितलं. "स्थळ कवा आणलं म्हणला ह्यानं?"

"महिना झाला न्हाय अजून."

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या नीट घडी करून ज्याच्या त्याच्या खिशात घातल्या. पोरांनी एवढी मेहनत घेऊन योगायोग घडवला होता, तो मोडायचा नाही असं आमचं ठरलं. उरलेली अठ्ठ्याऐंशी पावलं आम्ही बरोबर चाललो.

आत जाऊन लिंबाजीरावांनी मामा खूश आहेत म्हणून सांगितलं, माझा फेटा बांधला आणि माझ्या तोंडात पेढा घातला. मी त्यांच्या तोंडात घातला. सत्तेचाळीस दिवसांनंतरचा पेढा! आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत तो बत्तीस वेळा चावला, आणि सगळं घर श्वास रोखून बघत राहिलं. तारीख धरली. आक्का आधी रडली, मग हसली, मग तिनं एकटीनं चार पेढे खाल्ले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये शिवकन्येचा फोन आला. तारीख धरल्याचं मी तिला सांगितलं. तिनं नाक ओढलं आणि दरडावून विचारलं, मामा, गोड खाल्लं का? एकच पेढा, मी कबूल केलं. "आन् त्यांनी?" ती घाईनं म्हणाली. "त्यांनी दुसरा तर न्हाय ना खाल्ला?"

नाही म्हणून मी फोन ठेवला आणि डोक्यावर फेटा घेऊन खिडकीबाहेर बघत बसलो. होणाऱ्या सासऱ्याची शुगर हिला नोव्हेंबरात कळली, आणि सख्ख्या मामाचं बीपी बघायला जुलै उजाडला. तेही मी आपण होऊन गेलो म्हणून! त्या दिवशी मी पहिल्यांदा खराखुरा रुसलो. नळदुर्ग येईपर्यंत एक शब्द बोललो नाही, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. गायत्री म्हणाली, चघळतायत अजून पेढा.