पासष्ट प्रकाशवर्षांवरचा पाहुणा

बाबांच्या पासष्टाव्या वाढदिवशी मी जाहीर केलं, की प्रकाशवर्ष म्हणजे काय हे आज आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा समजेल! थायलंडमधल्या लाम्पांगच्या एका शाळेत मी ग्रंथालय सांभाळते. समजावून सांगणं हा माझा छंद आहे आणि घरच्यांची शिक्षा.

अंगणात उसनी आणलेली दुर्बीण उभी होती. बाबा नवा शर्ट घालून, खाव सोईचा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचा, वाडगा मांडीवर घेऊन बसले होते.

"वर्ष म्हणजे वेळ," बुआलोय आत्या म्हणाली. "त्यानं अंतर कसं मोजशील? उद्या म्हणशील, दोन किलो मंगळवार दे!"

"आत्या, बँकॉक इथून किती लांब?"

"एका रात्रीच्या गाडीवर."

"झालं! तसंच हे. उजेड वर्षभर धावून जेवढा पल्ला गाठतो, ते एक प्रकाशवर्ष. बाबा जन्मले तेव्हा निघालेला उजेड आज इथं पोचतोय, असा तारा मी शोधलाय."

"तेव्हापासून न थांबता धावतोय?" बाबांनी वाडगा खाली ठेवला. "गुडघे बरे आहेत त्याचे! एवढ्या लांबून आलाय, तर मला भेटायलाच हवं."

तारा शोधायला मला काहीच कष्ट पडले नव्हते. फोनवरच्या परदेशी ॲपमध्ये बाबांच्या ओळखपत्रावरचं जन्मसाल टाकलं, २५०२, आणि त्यानं तत्काळ कृत्तिका सांगितल्या. आम्ही त्यांना कोंबडीची पिल्लं म्हणतो. अंतर किती ते मी पाहिलं नाही. समजलेल्या गोष्टी कोण तपासतं!

दुर्बीण पिल्लांवर लावून मी केक आणायला आत गेले. बाहेर आले, तर बाबा डोळा लावून बसलेले.

"एकच आहे गं. तांबूस."

"एकच कसा असेल? सहा-सात आहेत, निळसर! चष्मा काढा."

"काढला."

"मग घाला!"

"घातला. एकच. तांबूस."

"बाबा, मी वाचलंय!"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं आभाळाकडे.

"सात," बाबा म्हणाले. "सातही निळे. फार छान."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आरामखुर्चीत झोपले आणि उठले नाहीत.

दहनाला आलेल्यांना गेलेल्या माणसाविषयीची पुस्तिका द्यायची आमच्याकडे रीत आहे. ती मीच लिहिली. शेवटच्या पानावर कृत्तिकांचा फोटो, खाली ओळ : 'यांचा हा उजेड बाबांच्या जन्मसाली निघाला.' प्रती वाटून संपल्या, आणि आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर, सोमखित, हात जोडून हळूच माझ्याजवळ आले.

"ताई, कृत्तिका इथून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षं लांब आहेत. तुमचे वडील... जुन्या अयुथ्थयाच्या राजांच्या काळातले का?"

मी फोन काढला. आमचं बौद्ध साल परदेशी सालाच्या पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढे. ॲपच्या मते तेव्हा चालू होतं २०२४. त्याच्या हिशेबानं बाबा जन्मायलाच चारशे अठ्ठ्याहत्तर वर्षं बाकी होती! त्यानं उणे चिन्ह गिळलं आणि त्या आकड्याच्या आसपासचा तारकापुंज माझ्या हातात ठेवला. गावातल्या घराघरांत माझे बाबा आता राजाच्या हत्तीमागे चालत होते!

हसं झालं, ते मी सोसलं असतं. पण पासष्ट वर्षं धावून आलेला बाबांचा पाहुणा त्या संध्याकाळी आमच्या अंगणात उतरला, आणि मी त्यांचं तोंड दुसरीकडे वळवून ठेवलं. पुन्हा बोलावणार कसं? आणि कुणासाठी?

"मग खरा तारा कुठला?" आत्यानं विचारलं. ती पाहुण्यांचे वाडगे पुसत होती.

मी ॲपमध्ये या वेळी १९५९ टाकलं. "रोहिणी. पिल्लांच्या शेजारचा. मोठा, एकटा, तांबू..."

आत्या एकच वाडगा फार निगुतीनं पुसू लागली.

"आत्या?"

"तू ओरडशील म्हणून बोलले नाही. तू आत गेलीस आणि माझा धक्का लागला त्या दुर्बिणीला. मानच टाकली तिनं! मग तिथं जो ठळक दिसला, त्याच्यावर मी वळवली. दादाला म्हटलं, गप बस, काही बोलू नकोस."

"आणि बाबा गप बसले?"

"कुठला! बोलला ना. तू त्याला चष्मा काढायला लावलास."

मी तिथंच पायरीवर बसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. भेट झाली होती! माझ्या सगळ्या वाचनाला न जुमानता, आत्याच्या कमरेच्या धक्क्यानं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मंदिरात गेलो. बाबांच्या अस्थी तिथल्या भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवल्या आहेत. मी उदबत्ती लावली, घसा साफ केला.

"बाबा, तुमचं बरोबर होतं."

"मोठ्यानं म्हण," आत्या म्हणाली. "तुझ्या तोंडून हे ऐकायची त्याला सवय नाही."

आवारात झोपलेली कुत्री उठून बसली, इतक्या मोठ्यानं म्हटलं :

"बाबा, तुमचं बरोबर होतं!"