दाढीबहाद्दरांचा कोठा मोकळा जाहला, ती हकीकत

“आई, सकाळी दिवा लावायचा आणि संध्याकाळपर्यंत जळू द्यायचा. मी येईपर्यंत तो तुझ्या हवाली.”

ऐसी आज्ञा कन्याराजे नोकरीच्या मोहिमेवर परमुलखी कूच करते समयी, पायात बूट चढविता चढविता, मातुःश्रींस करत्या जाहल्या. आणि मातुःश्रींनी देवापुढे हात जोडून शब्द दिला. त्या शब्दाचे पुढे काय जाहले, ते सर्व जिवांचे पोट चालविणारा जो भगवंत, त्याचे स्मरण करून यथास्थित लिहिले आहे. वाचणारांनी नाकास पदर लावू नये.

कन्याराजांनी हवाली केले ते राजेश्री दाढीबहाद्दर जातीचे सरडे, शेपटीसुद्धा हातभर देह, गळ्याखाली काटेरी दाढी, मुद्रा करारी. मुक्काम बैठकीच्या खोलीतील काचेच्या पेटीत, आणि पेटीत सपाट दगड, आणि दगडावर सूर्याचे जागी ऊब देणारा दिवा, ऐसा बंदोबस्त. मातुःश्रींचा नेम कडक. दुपारी बहाद्दरांस किडे व पाला चारावा, त्यांच्या मुखी घास गेल्याखेरीज आपले पान वाढून घेऊ नये, आणि मग शिवणवर्गास जाऊन मुलींस बाह्या बेतण्यास शिकवावे. मागे घरावर अंमल सासरे मामंजी यांचा. त्यांनी गिरणीच्या फाटकावर जन्मभर पहारा केला, परंतु दुपारची झोप कधी चुकू दिली नाही, ऐसा लौकिक.

ऐसे चालत असता पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद स्वच्छ राहू लागला. मातुःश्रींस प्रथम त्याचे कौतुकच वाटले, की किती नीटनेटका जीव! मग बहाद्दरांनी किड्यांकडे पाठ फिरविली, आणि पोट नगाऱ्यासारखे तटतटले, आणि मागचे पाय ओढू लागले. तेव्हा ध्यानी आले, की किल्ल्याचा पिछाडीचा दरवाजा आतून बंद जाहला आहे. बहाद्दर जेवेनात म्हणून मातुःश्रीही जेवेनात. कन्याराजांचा फोन आला, आणि खोटे न बोलण्याचाही नेम असल्याने सर्व सांगणे प्राप्त जाहले, आणि पलीकडे बराच वेळ नुसते मुसमुसणे ऐकू आले.

मामंजींनी मसलत दिली. “सूनबाई, चमचाभर एरंडेल पाजा. मला कसा गुण येतो, ठाऊक आहे ना?”

मातुःश्रींस चांगलेच ठाऊक होते, परंतु मर्यादा राखून त्यांनी बहाद्दरांस जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून, टोपलीत घालून, रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे कूच केले. पिछाडीस मामंजी.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपिले, फोटो काढविला, आत खडा नाही, गाठ नाही, केवळ मळ साचला आहे, ऐसे निदान केले आणि पुसले, “जेवल्यावर दिवा किती वेळ असतो?”

“संध्याकाळपर्यंत,” मातुःश्री बोलिल्या. “शब्द दिलाय मी.”

मामंजी भिंतीवरचे कॅलेंडर फार बारकाईने पाहू लागले. मग हळूच म्हणाले, “मी बंद करतो. तुम्ही गेलात की. चहाच्या वेळी परत लावतो. जेवून उठल्यावर डोळ्यांवर एवढा उजेड कुणाला सोसेल? मला वाटलं, त्यालाही जरा पडायचं असेल.”

मग डॉक्टरीणबाईंचे फर्मान सुटले, की या जातीचे अंगी स्वतःची ऊब नसते, जेवून दिवा न मिळाल्यास अन्न जागीच बसते. दिवा दिवसभर ठेवावा; कोमट पाण्यात बसवून पोट छातीकडून शेपटीकडे हलके चोळावे; दरवाजा न उघडल्यास परत हजर करावे; आणि एरंडेलाचे नाव काढू नये. रिक्षात मातुःश्री टोपली पदराखाली घेऊन बहाद्दरांस ऊब देत बसल्या, आणि ते पाहणेच मामंजींस फार लागले.

“हा बरा झाला,” ते म्हणाले, “तर दुपारी त्याच्यापाशी मी बसेन.”

मग घरी मोर्चे बांधिले. पाय शेकण्याचे घमेले मामंजींनी स्वतः घासून हजर केले, आणि कोपर बुडवून पाण्याची ऊब पाहिली, आणि मातुःश्री मुखाने नाम घेत दोन बोटांनी पोट चोळू लागल्या. त्या दिवशी दरवाजा हलला नाही. दुसरे दिवशी पुनः वेढा घातला, तो बहाद्दरांनी डोळे मिटिले, शेपटी उचलिली, क्षणभर अत्यंत गंभीर जाहले, आणि दरवाजा उघडला.

“झालं, सूनबाई,” मामंजी म्हणाले. “झालं.” घमेल्यात पाहून हात जोडण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

येणेप्रमाणे कोठा फत्ते जाहला. कन्याराजांस खलिता फोटोसह रवाना केला. बहाद्दरांनी किडा स्वीकारिला, मग मातुःश्रींचे पान वाढिले. घमेले बहाद्दरांस कायमचे इनाम दिले, कारण त्यात पुन्हा पाय घालण्यास कोणी धजेना.

दुसरे दिवशी जेवणे उरकली, आणि मातुःश्री शिवणवर्गास निघता निघता दारात थबकल्या. आत मामंजींनी सवयीने पडदा ओढला, पंखा लाविला, उशी झटकली. हात दिव्याच्या बटणाकडे गेला, आणि तिथेच राहिला. मग त्यांनी जांभई गिळून उशी पलंगावर परत ठेविली, खुर्ची उचलिली, आणि पाय न वाजविता पेटीकडे चालू लागले.