निळ्या टकलाचा पराते

नागपुरात, कळमन्याच्या संत्राबाजारात रबरी हातमोजे घालून वावरणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं टक्कल निळं आहे. आपण त्याला पराते म्हणू. खरं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

पराते आणि मी एकाच अडतीवर कामाला, आणि गोळीबार चौकामागच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहायला. अडतीवर त्याची ऐट होती. ढिगातलं एक संत्रं उचलायचं, अंगठ्यानं सोलायचं, एक फोड तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "काटोलचा माल. पाणी उशिरा देल्लं." शेतकरी तोंडात बोटं घालायचे. शेठसुद्धा आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग बोली सुरू करायचा.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या घरात एक बाटली आली. आत निळं पाणी, वर ड्रॉपर. केसांचं औषध. "कॉपर पेप्टाइड," पराते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे तांबं! तेलबिल नाही, सायन्स आहे गा ते!" वीस वर्षं टक्कल घेऊन सुखानं हिंडलेल्या माणसाला सायन्स आताच काहून आठवलं, हे कोणालाच कळेना. रोज सकाळी तो ओट्यावर आरसा मांडून बसायचा आणि निळे थेंब टकलावर चोळायचा. कपाळावर निळे ओघळ, कॉलर निळी, भिंतीवर वाळत घातलेल्या उशीवर निळे डाग. शाळेत जाणारी पोरं थांबून बघायची, तर तो त्यांनाही हाक मारून दाखवायचा.

औषधासोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की यासोबत व्हिटॅमिन सीचं काही डोक्याला लावू नका. परात्यानं संत्रंच सोडलं. खायचं सोडलं, सोलायचं सोडलं, हातमोजे चढवले. माझा पुतण्या औषधाच्या दुकानात आहे. त्यानं समजावलं, "काका, ते दुसऱ्या सीरमबद्दल आहे, संत्र्याचा काही संबंध नाही." पराते म्हणाला, "रिस्क काहून घ्यायची गा?" चव घेत नाही तो माणूस ढिगापाशी काय कामाचा? शेठनं त्याला फाटकावर गाड्या लावायला उभं केलं. तोही निमूट गेला.

नागपूरचा माणूस, त्यातून कळमन्यातला, आणि टकलापायी संत्रं सोडतो! ही गोष्ट मी अख्ख्या बाजारात पसरवली, रोज थोडं तिखटमीठ लावून. चहाच्या टपरीवर मला बघितलं की लोक म्हणायचे, "सांग ना गा, काल किती केस उगवले?"

पण मला चीड होती ती वेगळ्याच गोष्टीची. परात्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात तो आणि मुलगी. तिला पल्लवी म्हणू. पोरगी एकोणतीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिच्यासाठी उमरेडचं स्थळ मीच आणलं होतं. मुलगा सरळ, बुटीबोरीत नोकरी. पाहुणे यायचा दिवस ठरला आणि पराते म्हणाला, "थोडं थांबू गा. केस येऊ दे." दुसरा दिवस ठरवला, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. मुलगी दाखवायची होती की बाप? मी उमरेडला फोन लावला आणि चांगलं रंगवून सांगितलं, की मुलीचा बाप केस उगवून राहिला आहे, तोवर दम धरा. ते पोट धरून हसले. महिनाभरात त्यांनी दुसरीकडे जमवलं.

हे ऐकवायला आणि चार शब्द सुनवायला मी एका रविवारी सकाळी त्याच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. हाक न मारताच आत शिरलो.

पल्लवी पाटावर बसली होती. तिचा स्कार्फ खुंटीला होता. वर्षभरात मी तिला स्कार्फशिवाय पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. नागपुरात उन्हाधुळीपायी सगळ्याच पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून गाडीवर निघतात. भांगापासून कानापर्यंत तिचं डोकं उघडं पडलं होतं. मागे पराते बसला होता. त्यानं आधी आपली बोटं नाकाशी नेऊन हुंगली, संत्र्याचा वास नाही ना म्हणून. मग कंगव्याच्या टोकानं बट बाजूला केली आणि एक थेंब सोडला. बोट इतकं हळू फिरवत होता, की हा तोच अंगठ्यानं संत्रं सोलणारा माणूस, हे पटेना.

पल्लवीनं मला बघितलं आणि झटकन उठून आत गेली. पराते बसूनच राहिला.

"टायफॉइडपासून जाऊन राहिले," तो म्हणाला. "बाटली घरात आहे म्हणजे कोणाची तं असनच. लोकं इचारतात. म्हणून म्हटलं, माह्यीच म्हणू."

"आणि तुझ्या डोक्यावर?"

"नीळ आहे गा, कपड्याची. खरं औषध टकलावर कोण वाया घालवते?" तो हसला. "माह्यावर हसू दे. मले काय होते? तिच्यावर हसले तं..." त्यानं ड्रॉपर बाटलीत परत ठेवला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "उमरेडवाले थांबतात ना? तू पाह्यलं ना आता? येऊन राहिले ना गा थोडे?"

मला काही दिसलं नव्हतं. "येऊन राहिले," मी म्हणालो. उमरेडचं मात्र तोंडातून निघालं नाही. मला माझ्या जिभेची किळस आली. आजही येते. त्याच जिभेनं एक स्थळ मोडलं होतं, आणि ज्याचं मोडलं तो माझ्याच उत्तराची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी पराते उभा होता, टक्कल निळंशार. हमालांनी मला घेरलं, "सांग गा, आज किती उगवले?" मी गप्प राहिलो. तेवढ्यात परात्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मला सरळ भीती दिसली. मी गप्प झालो, तर लोक कारण विचारणार.

"साडेतीन," मी म्हणालो. "अर्धा रस्त्यात आहे."

सगळे खदखदून हसले. मीही हसलो. परात्यानं हातमोजे घट्ट केले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, उपकार झाल्यासारखी.