डाव्या हाताचा ब्रेक

दिवाळीत आलेल्या यज्ञेशच्या पत्राला फाल्गुन संपत आला तरी नंदकुमार दळवींनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं. शब्दकोश रोज उघडायची त्यांना सवय होती, त्यामुळे पत्र रोज दिसायचं आणि रोज पुन्हा मिटलं जायचं. उत्तर लांबलचक लिहायचं होतं अशातला भाग नाही. प्रश्न एकच होता.

'ती. बाबांस, गाडी पाठवतोय. शोरूमवाला आणून देईल आणि जुनी स्कूटर घेऊन जाईल, आईशी बोललोय. मी अठरा वर्षांचा असताना तुम्ही म्हणाला होतात, गिअरच्या गाडीला थंड डोकं लागतं, ते तुझ्याकडे नाही. बरोबर होतं तुमचं. तुमच्याइतकं थंड डोकं मी अजून कुणाचं पाहिलेलं नाही. म्हणून तुम्हालाच घेतली. जमली का? हो की नाही, एवढंच कळवा. लिहून कळवा. फोनवरचं बोलणं हवेत जातं, हे तुमचंच वाक्य. – यज्ञेश.'

मुलगा जमशेदपूरला कारखान्यात इंजिनिअर होता. अठराव्या वर्षी त्याला मोटरसायकल हवी होती. नंदकुमारांनी त्याला समोर बसवून क्लच, गिअर आणि संयम या विषयावर तासभर सांगितलं होतं आणि शेवटी आपल्या बिनगिअरच्या स्कूटरची किल्ली हातात दिली होती. कॉलेजातली पोरं त्याला गेटवर विचारायची, "काय आंटी, भाजी घेऊन आलात?" हे नंदकुमारांना क्षमाकडून कळलं होतं. ते म्हणाले होते, "हसणाऱ्याचे दात दिसतात." या वाक्याचा मुलाला काय उपयोग झाला असेल, याचा विचार त्यांनी तेव्हा केला नव्हता. आता निवृत्तीनंतर करायला वेळ होता.

खरी अडचण अशी, की नंदकुमारांनी स्वतः गिअरची गाडी कधी चालवलेलीच नव्हती. परवान्यावर 'गिअरसह' असं होतं, पण ते एजंटाने परस्पर लिहून आणलं होतं. क्लचबद्दल जे काही सांगितलं होतं, ते त्यांनी ज्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, तिथल्या एका पुस्तकातलं होतं. पुस्तक चांगलं होतं. त्यात आकृत्याही होत्या.

गाडी आली तेव्हा चारकोपच्या त्यांच्या सोसायटीतली सगळी बिऱ्हाडं खिडकीत आली. क्षमाने ओवाळलं. "नवशिक्यांना एकदम सोपी आहे, काका," असं म्हणून शोरूमचा माणूस स्कूटरवर बसून निघून गेला. वीस वर्षं वापरलेल्या स्कूटरचा मागचा दिवा कोपऱ्यावर वळताना लुकलुकला. आपल्याला एवढं वाईट का वाटतंय, हे नंदकुमारांना कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी ढकलत गेटबाहेर गेले, कोपरा वळले आणि माणसं नाहीत असं पाहून चालू केली. पहिला गिअर खाली. डावा हात हळूहळू सोडायचा. त्यांनी तो सोडला. गाडी बेडकासारखी उडाली आणि मेली. परत चालू केली, परत उडाली, परत मेली. भाजीच्या गाडीवरची बाई म्हणाली, "आजोबा, माझ्या टोमॅटोपासून लांब जरा."

त्या दिवसापासून त्यांनी एक व्यवस्था लावली. रोज सकाळी हेल्मेट घालून गाडी ढकलत बाहेर न्यायची, वाचनालयाच्या भिंतीला लावायची, दुपारपर्यंत पेपर वाचायचे आणि जेवणाच्या वेळी ढकलत परत आणायची. परतताना घामाघूम होत. क्षमा म्हणायची, "ऊन फार झालं का गाडीवर?" ते म्हणायचे, "हो."

गेटवरचा वॉचमन धाकू मालवणकडचा. तो एकदा म्हणाला, "साहेबानू, गाडी चलयतास की फिराक न्हेतास?"

"आवारात आवाज नको म्हणून," नंदकुमार म्हणाले. तोंडातून निघून गेलं. तेवढ्या वाक्याने पुढचं सगळं झालं.

धाकूने ते सेक्रेटरी सुबोध राऊतांना सांगितलं. सुबोध हा माणूस आदर्शाच्या शोधातच असायचा, कारण त्याला येत्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर आला: 'आपले ज्येष्ठ सभासद दळवीसाहेब इतरांची झोपमोड नको म्हणून गाडी गेटबाहेर नेऊन चालू करतात. याला म्हणतात संस्कार!' खाली हात जोडलेले सतरा पंजे. पुढच्या मीटिंगमध्ये ठरावच झाला. आवारात कुणीही गाडी चालू करायची नाही, चालू आणायचीही नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुयोगकडे भलीमोठी बुलेटसारखी जड गाडी होती. तो कॉल सेंटरमधून पहाटे दमून यायचा आणि मग तीच गाडी गेटपासून आतपर्यंत ढकलायचा. जिन्यात भेटला की म्हणायचा, "काका, तुमच्या संस्कारांनी माझ्या कमरेची वाट लावली ना यार."

"तब्येतीला बरं असतं," नंदकुमार पुटपुटायचे आणि भिंतीला लागून निघून जायचे. त्यांना सुयोगची कीव यायची. सबंध सोसायटीत त्याचं दुःख समजणारे ते एकटेच होते, आणि त्या दुःखाचं कारणही तेच होते.

मधून मधून क्षमा विचारायची, "यज्ञेशला उत्तर टाकलंत का?"

"लिहितोय."

लिहीत ते खरंच होते. एका मसुद्याची सुरुवात 'गिअर हे एका अर्थी माणसाच्या संयमाचे...' अशी होती. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात फक्त 'हो' लिहिलं होतं. तो फाडायला जास्त वेळ लागला.

मग पाडवा जवळ आला आणि सुबोध पेढे घेऊन घरी आला.

"साहेब, शोभायात्रेत आपल्या सोसायटीची बाइक पहिली. चालवणार तुम्ही. मागे वहिनी नऊवारीत, हातात भगवा झेंडा. सगळ्या चारकोपला दिसलं पाहिजे, ज्येष्ठ कसे असतात!"

"अहो, मी... माझ्यापेक्षा सुयोग..."

"सुयोग? तो शिट्ट्या मारतो. तुमचं थंड डोकं कुठे, तो कुठे!"

थंड डोकं हे शब्द ऐकून नंदकुमारांनी एक पेढा उचलून तोंडात टाकला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण सांगितलं असतं, तर ते जमशेदपूरपर्यंत गेलं असतं. पाच महिने 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही अशा जागी त्यांनी स्वतःला जपून ठेवलं होतं. ती जागा आता जाणार होती. क्षमा म्हणाली, "मी नऊवारी इस्त्रीला टाकते." तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना वाचता आलं नाही. माणसांच्या बाबतीत त्यांचं वाचन मुळात कच्चं होतं.

दोन दिवस त्यांनी माहितीपुस्तिकेचा अभ्यास केला. जेवणाच्या खुर्चीवर बसून, हातात लाटणं आडवं धरून, डाव्या पायाने चप्पल दाबत ते मनातल्या मनात बोरिवलीपर्यंत जाऊन आले. क्षमा पोळ्यांसाठी लाटणं शोधत आली.

"हे काय?"

"आसन आहे एक."

"झालं असेल तर द्या. कणीक सुकतेय."

पाडव्याच्या सकाळी त्यांना युक्ती सुचली. मिरवणूक चालते मुंगीच्या पावलांनी. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, गिअर टाकायचाच नाही आणि दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं. आवाज गाडीचा, चाल आपली. साधी गोष्ट होती. इतकी साधी युक्ती पाच महिने कशी सुचली नाही, याचं त्यांना दुःखच झालं.

आणि ते जमलं. पुढे ढोलपथक, मागे बायकांच्या स्कूटरी, मध्ये फेटा बांधलेले नंदकुमार बदकासारखे पाय मारत निघाले. गॅलरीतून फुलं पडत होती. कुणीतरी म्हणालं, "काकांचा कंट्रोल बघ." आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या कंट्रोलबद्दल बोललं होतं. त्यांची मान थोडी वर झाली. तेवढ्यात नाल्यावरचा छोटा पूल आला.

पुलाला चढ होता. दोन माणसं आणि एक मोटरसायकल बासष्ट वर्षांच्या दोन पायांनी चढावर जात नाहीत. गाडी थांबली, मग हळूच मागे सरकू लागली. मागून हॉर्न सुरू झाले. सुबोध पुलापलीकडे स्वतःचा फोटो लावलेल्या पन्ह्याच्या स्टॉलवर माइक घेऊन उभा होता. तिथून तो गरजला, "साहेब, थांबू नका! गिअर टाका, गिअर!"

सगळं चारकोप बघत होतं. नंदकुमारांनी गिअर टाकला.

गाडीने ती नेहमीची उडी मारली, पण या वेळी मेली नाही. खालून गाडी निघून गेल्यावर क्षमा अलगद रस्त्यावर उभी राहिली. झेंडा तसाच ताठ. लोकांना वाटलं ही कसरतच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंदकुमार एकटेच पुलाच्या माथ्यावर पोचले आणि उताराला लागले. समोर ढोलपथक ठेका धरून थांबलं होतं.

क्लच डाव्या हाताला असतो हे त्यांना पाठ होतं. पान, आकृती, सगळं. पण पुस्तक डोक्यात होतं आणि स्कूटर हातात होती. वीस वर्षं डावा हात दाबला की गाडी थांबत आली होती. त्यांनी जिवाच्या आकांताने डावा हात दाबला. गाडी मोकळी सुटली. आणखी दाबला. आणखी सुटली. ढोलवाले ढोल टाकून दोन्हीकडे पांगले. घाबरून त्यांनी डावा हात एकदम सोडला आणि उजवा पिळला.

पन्ह्याचं पिंप आडवं झालं तेव्हा त्यात सकाळचं सगळं पन्हं होतं. सुबोधचा फलक फाटून गाडीच्या दिव्यावर गुंडाळला गेला, त्यामुळे गाडी हात जोडून मतं मागत असल्यासारखी दिसू लागली. नंदकुमार पन्ह्यात बसले होते. लागलं कुठेच नव्हतं. निदान दाखवण्यासारखं नव्हतं. सुबोधचा रेशमी कुडता कमरेपासून खाली पिवळा झाला होता आणि माइक चालूच होता. "अरे म्हाताऱ्या..." एवढं सगळ्यांना ऐकू गेलं, मग कुणीतरी वायर काढली.

सुयोग मोबाइल धरून धावत आला. "काका, झकास! पायांनी चालवत होता ना तुम्ही? पुलाखालपासून सगळं घेतलंय मी. आणि आम्ही येडे रोज गाड्या ढकलतोय!"

नंदकुमारांना हात द्यायला मात्र धाकू पुढे आला, आणि तोही दुसऱ्या हाताने तोंड दाबून हसत होता.

संध्याकाळी ग्रुपवर दोन गोष्टी आल्या. एक व्हिडिओ. दुसरी, सेक्रेटरींची सूचना: 'आवारात वाहन चालू करण्यास हरकत नाही.' या वेळी पंजे मोजण्यापलीकडे होते.

क्षमाने रात्री वरणभात वाढला. श्रीखंड कुणी काढलं नाही.

"मला वाटलं, तुला ठाऊक नसेल," नंदकुमार म्हणाले.

"रोज खिडकीतून बघत होते. वाचनालयाची भिंत दिसते आपल्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का कधी कुणाला काही? गाडी नाकारलीत, तेव्हा यज्ञेश तीन दिवस जेवला नव्हता. त्याला तरी विचारलंत?" तिने भाताचं भांडं झाकलं. "त्याचा फोन आला होता. बाबांना लागलं का, म्हणाला."

"हसला असेल."

"नाही हसला. पत्राचं उत्तर अजून आलं नाही, म्हणाला."

व्हिडिओ बघूनही त्याला उत्तर हवंच होतं. जगाला जे कळलं होतं, ते त्यांच्या हातून लिहून आलं नव्हतं.

त्यांनी अंतर्देशीय पत्र काढलं. 'चि. यज्ञेश, नाही. तुला नको म्हणालो, तेव्हाही मला येत नव्हती. – बाबा.' उरलेली जागा भरण्याचा मोह त्यांनी आवरला आणि ते चिकटवून टाकलं.

चार दिवसांनी मेकॅनिक गाडी दुरुस्त करून आवारात लावून गेला. नंदकुमार पत्र टाकायला खाली उतरले. जिन्यात पोरांनी "काका, गिअर टाका!" म्हणून आरोळी दिली. त्यांनी सवयीने गाडीचं हँडल धरलं, ढकलायला लागले, आणि मध्येच थांबले. आता कुणापासून लपवायचं होतं? चालवली काय, पडलो काय. ते गाडीवर बसले. आवारातच चालू केली. पहिला गिअर खाली. डावा हात त्यांनी सोडला, तोही कंटाळून, सावकाश.

गाडी निघाली. उडी नाही, काही नाही. दुसरा पडला, तिसराही पडला. वाचनालयाची भिंत मागे गेली. भाजीवाल्या बाईने घाईघाईने टोमॅटोची टोपली आत ओढली, पण त्याची गरज नव्हती. इंडस्ट्रियल इस्टेटच्या कोपऱ्यावर, टपालपेटीसमोर, त्यांनी उजव्या हातापायाने ब्रेक दाबले आणि गाडी थांबली.

खिशातलं पत्र आता खोटं झालं होतं.

त्यांनी पेन काढलं. पण अंतर्देशीय चिकटवलेलं, फाडल्याशिवाय उघडणार नव्हतं. नवीन लिहावं? 'हो' लिहावं? पाच महिने ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आज खराखुरा हातात होता. ते पेटीपुढे उभे राहिले. मग त्यांना पत्रातलं दुसरं वाक्य आठवलं. ते अजून खरं होतं, आणि कितीही गिअर टाकले तरी बदलणार नव्हतं.

त्यांनी पत्र पेटीत टाकलं.

मग गाडीची किल्ली खिशात घातली आणि गाडी ढकलत घरी निघाले. जमशेदपूरला पोचेपर्यंत तरी पत्र खरं राहायला हवं होतं.

गेटवर धाकू उठून उभा राहिला. "साहेबानू, आता तरी चलवा!"

"पुढच्या आठवड्यात," नंदकुमार म्हणाले.