चपलेला हात लावू नका

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की सत्यनारायण, मोहोडसर घरात शिरण्याआधी पाच मिनिटं दारातच उभे राहत. नव्या माणसाला वाटे, सर आग्रहाची वाट पाहतायत. सर चपला मोजत असत. मग आत येऊन जाहीर करत, "एकवीस जोड. दोन पाहुणे गावाकडले, अन् एक माणूस रागानं आलेला हाय." राग कसा कळला म्हणून विचारलं तर म्हणत, "एक चप्पल उंबरठ्याशी, एक तुळशीपाशी. शांत माणूस अशी काढत नाही." आणि खरोखरच माझे मामेसासरे कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेले असायचे.

हे मोजणं आम्ही चालवून घेत होतो. पण त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या चपलेला हात लावायची सोय नव्हती. एकदा सासूबाई अंगण झाडताना पाहुण्यांच्या चपला बाजूला सारत होत्या, तर समोरच्या ओट्यावरून सर एवढ्यांदा ओरडले, "हात नोको लावू!" की सासूबाईंच्या हातातला खराटाच पडला. पुढे आठवडाभर त्या धुसफुसत होत्या. "चपला आहेत की शाळिग्राम?" असं त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक?

सर एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. पंचेचाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, समोरच्या दोन खोल्यांत एकटे. अंगात पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. मी घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवत असे, त्यामुळे सरांचा प्रबंध माझ्या नशिबी आला. 'ग्रामीण समाजातील पोलीस, कोठडी आणि दुर्बल घटक' हे त्याचं नाव. हे नाव मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की अजूनही डोळे मिटून करीन. प्रबंधाला तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे पुण्याला बदलून गेले, तिसरे होते, पण त्यांनी तिसऱ्या प्रकरणावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'चप्पल हा पुरावा नव्हे.' सर तेच प्रकरण दरवर्षी शब्द न बदलता माझ्याकडे पुन्हा टाइप करायला आणत आणि पुन्हा पाठवत. लाल शाई पुन्हा येई.

तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'ठाण्याबाहेर काढून ठेवलेल्या चपला'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसले. सरांनी चहा घेताना मला समजावलं.

"वहिनी, बुटवाला माणूस ठाण्यात बूट घालून जाते अन् बूट घालूनच बाहेर येते. खेड्यातला गरीब माणूस काय करते? देवळात काढते तशा पायरीखालीच चपला काढते. कोणी सांगत नाही त्याले. म्हणून मी आधी बाहेरच्या चपला मोजतो, मंग आत जाऊन ठाण्याची वही पाहतो. वहीत नावं तीन अन् बाहेर जोड पाच, तं दोन माणसं कुठी हायेत?"

एवढं बोलून सर मारी बिस्किट चहात बुडवत आणि ते विरघळून कपात पडेपर्यंत तसेच धरून ठेवत. मग चमच्यानं शोधत बसत. तीस ठाण्यांच्या पायऱ्या या माणसानं मोजल्या होत्या, पण अख्खं बिस्किट तोंडापर्यंत नेणं काही जमलं नव्हतं.

त्यांची आणखी एक तऱ्हा. दाराची कडी वाजली की आतून हाक यायची, "आला का गा?" दूधवाला असो, पोस्टमन असो की मी. मी पानं घेऊन जायची तेव्हा फटकन म्हणायची, "कोणी नाही आला, सर. मी आहे, टाइपवाली." सर दार उघडत, जरा ओशाळत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आणि त्यांच्या दारात नेहमी दोन जोड. एक त्यांचा रोजचा. दुसरा जुना, जाड चामड्याचा, गावाकडच्या घडणीचा. एकदा मी थट्टेनं म्हटलं, "सर, तुमच्या शास्त्राप्रमाणे या घरात दोन माणसं आहेत." सर हसले नाहीत. "बरोबर मोजलं तुम्ही," एवढंच म्हणून चहाचं आधण बघायला आत गेले. मला वाटलं, विद्वान माणूस, विनोद कळला नाही.

मग एका मे महिन्यात सरांनी मला एका ठाण्यावर येण्याची गळ घातली. कोठडीत नेलेल्यांच्या घरच्या बाया पुरुषमाणसाशी बोलत नाहीत, म्हणून बाईमाणूस हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरची सून ठाण्यात?" यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हटलं, "जाऊ दे गं आई, पोलिसांनाही कधी कोणाची भीती वाटायला पाहिजे." या शिफारशीवर मी निघाले.

ते ठाणं कुठलं हे मी सांगणार नाही. संत्र्याच्या बागांचा मुलूख, एसटीनं तीन तास, एवढं पुरे. दुपारी एकला उतरलो तेव्हा डांबर पायाखाली मऊ लागत होतं. ठाण्यासमोर कडुलिंब, त्याखाली एक म्हातारी बसलेली. पायरीपाशी एकच जोड होता, ट्रकच्या टायरचे तळ लावलेल्या चपलांचा. सरांनी तो पाहिला, वहीत काहीतरी टिपलं आणि आत गेले. मी म्हातारीशेजारी बसले.

तिचा मुलगा किसना. जन्मापासून मुका आणि बहिरा. एका बागेत राखणीला होता. दोन दिवसांपूर्वी तिथल्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलीस त्याला घेऊन आले. तो काही सांगेना म्हणून त्यांना वाटलं, अडेल आहे.

"आज सकाळी जमादारानं सांगतलं, सोडला म्हणून," म्हातारी म्हणाली. "गेला असंल गावाले. मी बी जातो आता. चार कोस चालाचं हाय."

उघड्या खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. जमादार सरांना वही दाखवत होता. "पाहा ना प्रोफेसर साहेब, कोठडीत कोणीच नाही. निरंक. लिहून घ्या."

"बाहेरचा जोड कोणाचा हाय?" सरांनी विचारलं.

"असंल कोणाचा तरी."

तेवढ्यात म्हातारी उठली आणि पायरीपाशी जाऊन वाकली. "किसनाच्याच हायेत ह्या," ती मला म्हणाली. "विसरला पोरगा. पाय भाजतीन त्याचे. नेऊन देतो."

"हात नोको लावू वं माय!"

सर आतून धावत आले. मी त्यांची ती आरोळी गल्लीत अनेकदा ऐकली होती, पण तिच्यात असा कापरा कधी नव्हता. म्हातारी घाबरून मागे सरली. सर तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "माय, ह्या उचलल्या ना, तं तुह्याजवळ काहीच राहत नाही. राहू दे जागेवर." आणि ते त्या चपलांशेजारी पायरीवर, भर उन्हात, बसले.

जमादार दारात आला. वाईट माणूस दिसत नव्हता. फौजदार बाहेरगावी होते आणि याला आपल्या अंगावर काही येऊ द्यायचं नव्हतं, एवढंच. "सोडला म्हणतो ना, साहेब."

"कवा सोडला?"

"सकाळी नऊ वाजता."

"मे महिना," सर म्हणाले. "सकाळचे नऊ. चार कोस. अनवाणी." एकेक शब्द सुटा करून, तक्ता वाचून दाखवावा तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, वहिनी."

"येडा हाय तो. विसरला असंल."

"मुका हाय. येडा नाही. अन् पाय तं येड्याचेही भाजतात."

मी लिहीत होते. लघुलिपीत. खरं सांगायचं तर घाबरून पानभर मी 'निरंक, निरंक' एवढंच लिहिलं. पण जमादाराला त्या रेघोट्या वाचता येईनात आणि त्यानंच त्याचा धीर सुटत चालला. "बाई, हे काय लिहून राहिल्या तुम्ही?" तो दर पाच मिनिटांनी विचारी. मी मान वर न करता पान उलटायची. माझ्या लघुलिपीला असा मान आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाला नाही.

तास गेला, दोन तास गेले. समोरचा चहावाला आला, त्यानं आपल्या चपला त्या जोडाशेजारी काढल्या आणि सरांच्या बाजूला बसला. मग आणखी दोघे. शेवटी जमादार हळू आवाजात म्हणाला, "चौकशीसाठी बसवला हाय मागच्या खोलीत. अटक नाही."

"अटक नाही तं जाऊ द्या. अटक असंल तं वहीत नाव लिहा अन् उद्या कोर्टापुढे उभा करा. या दोन्हीच्या मधात माणूस ठेवाची जागा कायद्यात नाही, भाऊ."

जमादार आत गेला. मागच्या बाजूला कडी वाजली. किसना भिंतीचा आधार घेत आला, पंचविशीतला, एक डोळा सुजून मिटलेला. त्यानं आईकडेही आधी पाहिलं नाही. त्याची नजर पायरीखाली गेली, चपला शोधायला. सर उठून बाजूला झाले. त्यांनी चपला पुढे सरकवल्यासुद्धा नाहीत. त्या किसनानंच घातल्या. म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि त्याच्या कपाळावर कपाळ टेकवून उभी राहिली. तिच्या पदराखालून नुसता हुंदका येत होता.

सरांनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं, 'चार वाजून दहा मिनिटे. जोड गेला.' लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागले.

"माहा मोठा भाऊ होता. बळीरामदादा. भोळा होता. कोणाच्याही वावरात जाऊन बसे, कोणी काही विचारलं तं हो म्हणे. गावात बैलजोडी चोरीले गेली. दादाले इचारलं, तू नेली का? तो म्हणे हो. ठाण्यात नेला त्याले. तिसऱ्या दिवशी मी गेलो. म्हणे, सकाळीच सोडला. वही दाखवली मले. वहीत नाव नाही. पायरीवर दादाच्या चपला होत्या."

कंडक्टर तिकिटं तपासत आला आणि गेला.

"मेच महिना होता. मले वाटलं, दादा भोळा, विसरला असंल. मी त्या उचलल्या, पिशवीत टाकल्या, अन् घरी घेऊन आलो. वाटलं, दादा घरी येईल तं पाय भाजलेले असतीन त्याचे. एकोणीस वर्षांचा होतो मी, वहिनी. मॅट्रिक पास. एवढं साधं मले समजलं नाही काहून?"

"आणि दादा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दुसऱ्या दिवशी बाबा गेले ठाण्यात. ते म्हणे, तुमचा पोरगा इथं आलाच नोता. दाखवाले काही राहिलंच नाही आमच्याजवळ. मीच घेऊन आलतो ना ते."

पुढचे दोन तास मला माझ्या सगळ्या थट्टा एकेक करून आठवत होत्या आणि लाज वाटत होती.

आठवड्यानं मी तिसरं प्रकरण पुन्हा टाइप करून सरांकडे घेऊन गेले. त्यात एक पान वाढलं होतं, चार वाजून दहा मिनिटांचं. लाल शाईचं काय व्हायचं ते होवो. दारात नेहमीसारखे दोन जोड होते. जुन्या जोडाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. चामडं तेल लावून मऊ ठेवलेलं होतं. उजव्या चपलेचा अंगठा नव्यानं शिवलेला होता. पंचवीसेक वर्षं कोणी न घातलेली चप्पल सरांनी आज घातली तरी पायाला चावू नये अशी राखली होती.

मी कडी वाजवली.

"आला का गा?" आतून हाक आली.

'कोणी नाही आला, सर' हे नेहमीचे शब्द माझ्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. मी चपला काढल्या, त्या जोडाला धक्का लागणार नाही अशा बेतानं बाजूला ठेवल्या, आणि म्हटलं, "दार उघडा, सर."