भागीआतेचा कौल

भागीआते बांगडे घ्यायच्या आधी देवाला विचारायची.

दारात मासेवाली टोपली उतरवून बसलेली असायची आणि आते आत देव्हाऱ्यासमोर. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून गणपतीच्या पितळी मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि हात जोडून विचारायचं, "बांगडे घेऊ काय?" उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे देवळात गुरव असा कौल लावतो, पण तो लग्न, घरबांधणी, गावचा तंटा असल्या मोठ्या कामांना. बांगड्यांसाठी देवाला कामाला लावणारी अख्ख्या रत्नागिरीत ही एकच बाई असावी.

"बाय, तुझ्या देवाचं ठरेपर्यंत माझे बांगडे म्हातारे होतील," मासेवाली ओरडायची.

"थांब जरा. आपण कोण गो ठरवणारे?" आते आतून म्हणायची.

हे तिचं पालुपद. ती माझ्या वडिलांची चुलतबहीण. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. चिऱ्यांचं दोन खोल्यांचं घर, मागे पडवी, आणि बागवाल्यांच्या सुपाऱ्या सोलून द्यायचं काम. आमचं बिऱ्हाड पोफळीला, वीजघराच्या कॉलनीत. मी डी.एड.ला रत्नागिरीला आले, ती हिच्याकडे. मला ठेवून घ्यायचं की नाही हेही कौलानंच ठरलं. पाकळी पडेपर्यंत वडील माझी ट्रंक खांद्यावर घेऊन अंगणात उभे होते.

ही ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वडिलांनी हौसेनं तिला विजेचा पंखा आणून दिला. पहिल्याच दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या. "ह्यो मेला देवाला बोलूच देत नाय," म्हणून आतेनं पंख्यावर जुनं लुगडं घातलं ते कायमचं. निवडणुकीत मत कुणाला द्यायचं ते विचारलं, तर दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या. मतदान संपलं तरी हलेनात. आते घरीच राहिली. "देवाला दोघंबी पसंत नसतील," म्हणाली. हा कौल मात्र मला अजूनही पटतो.

आता माझं दुखणं सांगते, कारण त्याशिवाय आते कळायची नाही.

मला दर महिन्याला पाळीचा पहिला दिवस म्हणजे जन्मठेप असे. ओटीपोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. जानेवारीत शाळेत सरावाचा पाठ घेता घेता मी फळ्यासमोर खाली बसले आणि तिथेच आडवी झाले. तिसरीच्या मुलांना वाटलं बाई झोपल्या, आणि ती शहाणी पोरं आवाज न करता बसून राहिली. आमच्या कॉलेजच्या बाई मला स्वतः लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि वाटेत म्हणाल्या, "मार्चमध्ये वार्षिक पाठ आहे, शालन. तो चुकला की वर्ष गेलं." मी कॅलेंडर पाहिलं. पाठाची तारीख नेमकी माझ्या तारखेवर होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चारदोन प्रश्न विचारले आणि गोळ्या लिहून दिल्या. "कळा सुरू झाल्या की लगेच, काहीतरी खाऊन एक घे. दिवसाला तीन, दोन दिवस. घाबरण्यासारखं काही नाही. अंगावर काढू नकोस."

इतकं सरळ होतं. पण सरळ गोष्ट आमच्या माणसांत आली की तिला फाटे फुटतात. औषधाच्या दुकानातल्या माणसानं गोळ्या वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत गुंडाळून दिल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अपराधी वाटलं. वर्गातली गुहागरची सुमन म्हणाली, "अजिबात घेऊ नकोस. माझ्या मावसबहिणीनं घेतल्या, तिला मूलच झालं नाही." दोन दिवसांनी मला आठवलं की त्या मावसबहिणीचं अजून लग्नच व्हायचं होतं. सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "तेच तर." आईचं पत्र आलं: "डॉक्टर सांगतील तसं वाग, पण गोळ्या फार घेऊ नकोस, आणि आते म्हणेल तसं कर." मी ते पत्र पाच वेळा वाचलं. प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी ठरायचं आणि घडी घालेपर्यंत मोडायचं. गोळ्यांनी पुढे काही बिघडलं तर? आणि न घेऊन वर्ष गेलं तर? वडिलांनी पुन्हा शिकवलं असतं असं नाही, धाकटा भाऊ रांगेत होता. डोक्याचा नुसता चिखल झाला.

शेवटी आतेनं पाकळ्या घेतल्या. मी दाराशी उभी होते. देवासमोर असली गोष्ट उच्चारायची कशी, म्हणून तिनं आवाज खाली आणून विचारलं, "पोरीचं ते जे काय हाय, त्याच्यासाठी ती वस्तू घ्यावी काय?"

डावी पाकळी पडली.

"नको म्हणतो," आते म्हणाली. गोळ्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या, आणि खरं सांगते, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी ठरवलं होतं.

फेब्रुवारीत पाळी आली तेव्हा हे सुटल्यासारखं वाटणं कुठच्या कुठे गेलं. रिवाजाप्रमाणे मी मागच्या पडवीत बाजूला बसलेली, म्हणजे लोळतच होते. आते ओव्याचं पाणी करून दारात ठेवायची, विटकर गरम करून फडक्यात गुंडाळून पुढे सरकवायची, आणि आत-बाहेर येरझाऱ्या घालायची. माझ्याकडे बघायची नाही. पण तिचा चेहरा असा झाला होता की दुखतंय कुणाला तेच कळू नये.

मग मार्चातली ती सकाळ आली. पाठ अकरा वाजता होता. सातला पहिली कळ आली. कॅलेंडर चुकलं नव्हतं. मी पडवीत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि उशाला पाठाचं टाचण होतं, त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

"आते," मी म्हटलं, "तू देवाला विचारलंस ते त्याला कळलं तरी असेल काय?"

"म्हणजे?"

"'ते जे काय' आणि 'ती वस्तू'. त्याला वाटलं असेल मी शिवणयंत्र घेतेय."

एरवी अशा बोलण्यावर तिनं मला कान धरून देवासमोर उभं केलं असतं. पण ती सुपाऱ्यांच्या ढिगापाशी थबकली. "खरंच की गो," ती हळूच म्हणाली. "नाय कळलं असंल." आणि हातातलं सोडून आत गेली.

पडवीच्या दारातून देव्हारा दिसे. आतेनं पाकळ्या घेतल्या, पण बराच वेळ ती बोलेचना. नुसते ओठ हलायचे. मग एकदम, शेजारी ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, ती म्हणाली, "देवा, पोरीला पाळीत लय दुखतंय. डॉक्टरनं गोळी दिलीय. घेऊ दे काय?" माझ्या देखत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. तिचे कान लाल झालेले मला लांबून दिसले.

आणि मी आणखी एक पाहिलं. पाण्यात बुडवलेल्या दोन पाकळ्यांपैकी एक तिनं पदराला पुसली. नीट, दोन्ही बाजूंनी. ती कोरडी पाकळी तिनं उजव्या खांद्यावर ठेवली. हात जोडायच्या आतच ती पडली.

"उजवा," आते म्हणाली. "घे."

तिनं मऊ भात आणून दिला, समोर बसून चार घास खायला लावले, ट्रंकेतून गोळी काढली आणि सोवळंओवळं विसरून माझ्या तळहातावर ठेवली. मग विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली. साडेनऊला कळा ओसरायला लागल्या. अकराला मी चौथीच्या वर्गात रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या शिकवत होते. घाम येत होता, पण मी उभी होते. मागे बसलेल्या आमच्या बाई एकदा हसल्या.

संध्याकाळी आते पडवीच्या पायरीवर सुपाऱ्या सोलत होती. मी लांबच बसून म्हटलं, "आते, उजवी पाकळी कोरडी होती."

ती सोलत राहिली.

"दोन्ही ओल्या लावल्या असत्यास तर?"

"मंग देवावर सोडायला लागलं असतं."

"आणि डावी पडली असती तर?"

"म्हणून तर पुसली."

तिनं पुढची सुपारी उचलली. मग सुपाऱ्यांकडेच बघत सांगू लागली. "मला पन असंच व्हायचं. तुज्यापेक्षा जास्त. लग्नाला दोन वर्षं झालेली. एक डॉक्टर म्हणाला, हिला दवाखान्यात आणा, इलाज हाय. सासऱ्यानं गावात कौल लावला. डावा पडला. नवरा मुंबैला, त्याला कोण विचारतो. मी देवळाच्या पायरीवर बसून बघत होते. पाकळीला पानी किती लावलं, कोन लावतो, काय विचारतो, मला कायसुदिक ऐकू येत नव्हतं. मंग पंचवीस वर्षं अंगावर काढलं." तिनं टरफलं झाडली. "इथं ऱ्हायला आले तवापासून कौल माजा मी लावते. निदान पानी आपल्या हातात."

दोन वर्षं मी या बाईच्या कौलांची वर्गात नक्कल करून मुलींना हसवलं होतं. त्याची इतकी लाज वाटली की रडू आलं.

"रडतंस कशाला? दुखतंय काय परत?" तिनं विचारलं. "घे की दुसरी. डॉक्टरनं तीन सांगितल्यान." आणि मग, उठता उठता, जसं काही विशेष नाही असं, "माज्या येळेला पाकळी पुसणारं कोन नव्हतं गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेवाली आली. मला वाटलं आता आते सरळ बांगडे घेईल. पण ती नेहमीसारखी देव्हाऱ्यापाशी गेली, तगरीच्या दोन पाकळ्या घेतल्या आणि दोन्ही पाण्यात चांगल्या बुडवल्या. मी पडवीतून तिच्याकडे बघतेय हे तिच्या ध्यानात आलं.

"बांगड्यांचं ठरवू दे त्याला," ती म्हणाली, आणि हात जोडून वाट बघत उभी राहिली.