साहेब आल्यावर उभे राहण्याबाबत

वजनमापे तपासणाऱ्या त्या कार्यालयात हेडक्लार्कांनी नोकरीभर एक कर्तव्य अढळ निष्ठेने पार पाडले होते: साहेब दारात दिसताच उभे राहणे. साहेब बदलले, टेबले बदलली, हेडक्लार्कांच्या गुडघ्यांची झीज झाली. निष्ठेची झाली नाही. एक दिवस आपण साहेब होऊ आणि सारे दालन आपल्यासाठी उभे राहील, या एकाच आशेवर त्यांनी ते गुडघे खर्ची घातले होते. अखेर, निवृत्ती उंबरठ्यावर आली असताना, ते साहेब झाले.

पहिल्या सकाळी नवा कोट घालून ते दारात प्रकटले. दोन जुने कारकून कण्हत उठले. नव्या भरतीची मंडळी मात्र संगणकाच्या पडद्यात डोळे घालून बसून राहिली. साहेब खाकरले, बाहेर गेले आणि पुन्हा आत आले.

"काका, काही राहिलं का?" तरुण टंकलेखिकेने कानातले इअरफोन काढत विचारले.

"राहिलं. तुमचं उठायचं राहिलं!"

"उठून कुठे जायचंय?"

घरी पोचताच त्यांनी गाऱ्हाणे मांडले. "अगं, आदर म्हणून काही उरलाच नाही. मी आत येतो आणि कुणी उभंसुद्धा राहत नाही!"

ओट्याशी भांडी घासणाऱ्या पत्नीने मानही वळवली नाही. "मी सकाळपासून उभीच आहे. तुम्हाला आज दिसलं होय?"

हा मुद्दा कार्यालयाच्या कक्षेबाहेरचा असल्याने साहेबांनी त्याची दखल घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले: साहेबांच्या आगमनसमयी सर्वांनी उभे राहावे. जुन्या कारकुनांनी तत्काळ डॉक्टरांचे दाखले जोडून गुडघ्यांच्या कारणास्तव सूट मिळवली. आदर, त्यांच्या मते, पुढच्या पिढीला शिकवायची गोष्ट होती, आणि पुढची पिढी तर समोरच बसली होती.

"सर, आदर आहेच," तरुण हिशेबनीस म्हणाला. "पण बसून केला तर पोचत नाही का?"

"नाही पोचत!"

"मग आम्ही दिवसभरच उभे राहतो. सारखी ऊठबस नको."

नव्यांनी उभ्याने काम करण्याजोगी उंच टेबले मागितली. त्याने पाठ सुधारते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्याने खुर्च्या वाचतात, असे मुख्य कार्यालयाने ताडले आणि टेबले मंजूर केली.

साहेब आत आले. सारे उभे! सहज म्हणून बाहेर जाऊन त्यांनी दाराच्या फटीतून पाहिले. तरीही सारे उभेच. इतक्यात शिपाई चहा घेऊन आत गेला. त्याच्यासाठीही सारे उभेच.

"अहो, मग मी आलो हे कळायचं कसं?" साहेबांनी हताशपणे विचारले.

"फरक दिसायला हवा, साहेब," जुना कारकून खुर्चीतूनच म्हणाला. "आपण आलात की यांना बसवा."

सुधारित परिपत्रक निघाले: वरिष्ठांच्या आगमनसमयी सर्वांनी तत्काळ बसावे, उभे राहणे हा उद्धटपणा समजण्यात येईल. अडगळीतल्या खुर्च्या परत आल्या. साहेब दारात दिसताच दालन धपकन खाली बसले आणि पडद्यात डोळे घालून राहिले. दृश्य हुबेहूब पहिल्या दिवसाचे होते. पण आता ते नियमानुसार होते. साहेबांचे डोळे पाणावले.

पुढच्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातले वरचे साहेब अवचित पाहणीस आले. सारे दालन बसले. आपल्या साहेबांचे गुडघे मात्र जन्माच्या सवयीने, कोणाचीही परवानगी न घेता, ताठ झाले.

"काका, बसा ना!" टंकलेखिका कळवळून कुजबुजली. "नोटीस निघेल!"

निघाली. परिपत्रकात अपवाद नव्हता आणि खाली सही त्यांचीच होती. उद्धटपणाबद्दल त्यांना पुन्हा हेडक्लार्क करण्यात आले. आता ते जुन्या टेबलाशी असतात आणि नवे साहेब आले की सर्वांच्या आधी बसतात.

परिपत्रक अद्याप लागू आहे. वाचकांनी हे बसून वाचले असल्यास कार्यालय त्यांच्या आदराबद्दल आभारी आहे. त्या वेळी त्यांच्या घरात कोण उभे होते, हा मुद्दा कक्षेबाहेरचा आहे.